कुंडलिकेच्या खाडीतलं ‘मॅडमचं जाळं’

रायगड जिल्ह्यात माणसं एक तर किल्ल्यावर जातात, नाहीतर समुद्रावर. मुद्दाम तिकीट काढून चिखल बघायला जाणारं माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि ते मला रोज आरशात भेटतं. पौष पौर्णिमेच्या उधाणाला मी साताऱ्याहून निघाले आणि कुंडलिकेच्या खाडीकाठी राहून आले. परत आल्यापासून सूनबाई माझी एक साडी तिसऱ्यांदा भिजत घालते आहे.

जायचं कारण हिराचा फोन. हिरा खाडीकाठच्या एका गावची, माझ्या नोकरीतल्या फिरतीत जुळलेली ओळख. गावाचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेल.

“बाई, या आता,” ती म्हणाली. “आसावरनं तंटा झालाय गावात. ह्ये खूळ तुमीच लावून गेल्या व्हत्या. आता निस्तरायला पण तुमीच या.”

आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक. चाळीसेक वर्षांपूर्वी मी एका सरकारी खात्यात नवी नवी लागले, तेव्हा खाडीतल्या जाळ्यांचे आस मोजत फिरणं हे माझं काम होतं. आस बारीक असला की माशांची पिल्लंसुद्धा अडकतात, मोठा असला की ती निसटतात, वाढतात आणि पुढच्या वर्षी मासे मिळतात. एवढी साधी गोष्ट. मी ती इतक्या अवघड भाषेत सांगत असे की ऐकणाऱ्याला माशांपेक्षा स्वतःचीच दया यावी. कडक इस्त्रीची साडी, काळा चष्मा, पर्समध्ये घडीची पितळी पट्टी. अख्ख्या खाडीतला जीव न् जीव आपल्या भरवशावर पोहतो आहे असा माझा समज होता. मला स्वतःला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही.

पेण, रामवाडी

रामवाडीला एसटीतून उतरले आणि रात्रीपुरती शैलाकडे गेले. शैला माझी भाची. पेणला येऊन पोह्याचे पापड न घेता जाणारीला इथे आजारी समजतात, म्हणून आधी पापड घेतले आणि मग शैलाबरोबर मासळीबाजारात गेले.

मला जिताडा बघायचा होता. या मुलखात जिताडा नुसता मासा नाही, तो मान आहे. साताऱ्यात कुणाकडे काम असलं तर आम्ही कंदी पेढ्यांचा पुडा नेतो. पेण-रोह्याकडे जिताडा नेतात. व्याह्याकडे जिताडा, डॉक्टरकडे जिताडा, साहेबाकडे तर हमखास जिताडा. माझ्या नोकरीतल्या पहिल्या पाहणीनंतर मलाही केळीच्या पानात गुंडाळलेला एक मिळाला होता. माझ्या कर्तव्यदक्षतेवर गाव खूश झालं, असं मी घरी पत्र लिहून कळवलं होतं. मुळात मी शाकाहारी. तो जिताडा जीपच्या ड्रायव्हरने नेला आणि त्यानंतर मी म्हणेन त्या गावात जीप न्यायला तो एका पायावर तयार असे.

बाजारात जिताडे तीनच होते.

“खाडीचा का गो?” शैलाने विचारलं.

मासळीवालीने तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू तिने सोन्याची म्हैस मागितली. “खाडीचा? तलावातला हाय, पाळलेला. खाडीचा जिताडा आता सपनात येतो. येताना एकटाच येतो, पोरं आणत नाय.”

पोरं का आणत नाही, ते मला माहीत होतं. ती बोटभर असतानाच बारीक आसाच्या जाळ्यात जातात.

रोहा आणि पुढे

सकाळच्या गाडीने कासू, नागोठणं करत रोह्याला आले. पुढे कोकणात जाणारी माणसं गाडीत निवांत बसून राहतात आणि रोह्याला उतरणाऱ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहतात. पाहू देत. स्टेशनबाहेर हिराचा मुलगा दामोदर मोटारसायकल घेऊन उभा होता. वय पस्तिशीच्या पुढचं, बोलणं मोजकं. मी मागे एका बाजूला पाय टाकून बसले, पापडांची पिशवी छातीशी धरली आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना हजर केलं.

शहर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कापून झालेली भातखाचरं लागली आणि त्यांत वालाची हिरवी गादी. आमच्या घाटावर भात काढला की रान उघडं पडतं. इथे भाताच्या ओलीवर वाल आपला आपण वाढतो. मग बांध आला, बांधापलीकडे खाडी. ओहोटी होती. पाण्यापेक्षा चिखलच जास्त चकाकत होता.

बांधावर दामोदरने गाडी हळू केली.

“बाई, एक सांगून ठेवतो. आई तुमाला गोड गोड सांगंल. माझं जाळं ह्या उधाणाला चाललं तर ठीक. नायतर सोमवारपासनं मी कंपनीत. ठेकेदाराला शब्द दिलाय, जनरल शिफ्ट.”

“आणि खुंट?”

त्याने गाडी पुन्हा वेगात काढली. इथली मासेमारी खुंटांची. खाडीच्या तळात लांब खुंट रोवलेले असतात, त्यांना नरसाळ्यासारखं मोठं जाळं बांधतात. त्याला डोळ म्हणतात. तोंड रुंद, शेपूट निमुळतं. ओहोटीचं पाणी तोंडातून शिरतं, मासळी शेपटाकडच्या पिशवीत साठते. त्या पिशवीला म्हणतात खोला. ज्याचे खुंट त्याची जागा, बापाकडून मुलाकडे. पण या गावात दोन उधाणं खुंट रिकामे राहिले की गावकी ती जागा दुसऱ्याला देते. दामोदर कंपनीत गेला की हिराच्या सासऱ्यांच्या आज्यापासूनची जागा गेली.

तंटा होता तो खोल्याचा. आता नियम आला आहे की खोला बारीक आसाचा नको, मोठ्या चौकोनी आसाचा हवा. तपासायला माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. हिराने लेकाच्या मागे लागून त्याच्या डोळीला खरोखरीच नवा खोला शिवून घेतला होता. बाकी गावाचं म्हणणं वेगळं. ते म्हणणं मांडणारे पांडूतात्या हिराच्या ओटीवरच बसले होते. ऐंशीच्या घरातले, अंगाने काडी, आवाजाने ढोल.

“या म्याडम,” तात्या म्हणाले. “पट्टी आणली का?”

“नाही आणली.”

“अरेरे. आता मासे कुनाला भियाचे?”

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. तपासणीपुरतं एक जाळं मोठ्या आसाचं करून ठेवू. माणूस येईल, बघेल, जाईल. बाकीच्यांनी आपल्याच पोटावर पाय का द्यायचा?

“मागं बी तसंच केलं ना,” असं म्हणून त्यांनी हिराकडे पाहिलं. हिरा एकदम चुलीकडे गेली. मी तेव्हा काही समजले नाही. मला समजायला नेहमीच वेळ लागतो. पूर्वी त्याला मी चिंतन म्हणायची, आता वय म्हणते.

पोपटी

संध्याकाळी हिराने पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला. मग मडकं उलटं करून त्याच्याभोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. साताऱ्याला आम्ही हुरडा करतो आणि त्यापुढे जगात काही नाही असं मानतो. मीही मानत होते. पहिली शेंग सोलली आणि मनातल्या मनात साताऱ्याची माफी मागितली.

शेंगा सोलता सोलता हिरा म्हणाली, “बाई, एक पाप सांगायचं हाय. रागावू नका.”

“मला आता रागावायला डॉक्टरची परवानगी लागते. सांग.”

“तुमी त्या टायमाला चार गावं फिरायच्या. जाळी बघायच्या.”

“हो. चारही गावांत जाळी एकदम मापात होती.”

“चारी गावांत एकच जाळं व्हतं.”

मी शेंग खाली ठेवली.

“तात्यांनी मुद्दाम विणून घेतलं व्हतं. मोठ्या आसाचं. मॅडमचं जाळं म्हनायचे. तुमी जीपनं रस्त्यानं यायच्या, लांबचा वळसा. मी बांधावरनं सरळ. तुमी चहा घ्यायच्या, पट्टी लावायच्या, लिवून घ्यायच्या. तवर मी थांबायची. तुमी जीपमधी बसल्या की जाळं माझ्या डोक्यावर आन मी पुढच्या गावात. तुमच्या आधी.”

“रोज?”

“तुमी यायच्या त्या रोज. नवी नवरी व्हते, पळाय लागायचं. एकदा तर तुमीच मला बांधावर बघून हात केला.”

मला तो हात आठवला. डोक्यावर जाळ्याचा भारा घेऊन जाणारी एक तरुण बाई पाहून मी ड्रायव्हरला म्हटलं होतं, पाहा, कष्टाळू स्त्री.

पण खरी लाज अजून बाकी होती. त्या जाळ्याच्या एका कोपऱ्याला लाल चिंधी होती. चारही गावांत ती दिसल्यावर मी अहवालात लिहिलं होतं की या खाडीपट्ट्यात जाळ्यास लाल वस्त्र बांधण्याची प्राचीन प्रथा आढळते. नुसतं लिहिलं नाही. पुढे नव्या भरतीच्या मुलांना दरवर्षी त्यावर अर्धा तास शिकवलं.

“ती चिंधी कशाची गो?” मी विचारलं.

“ती? जाळं फाटलं व्हतं. माझ्या पोलक्याचा तुकडा बांधला.”

दामोदर तोंड फिरवून हसत होता. “बाई, आता समदे बांधतात,” तो म्हणाला. “तुमी विचारायला लागल्या म्हनून तेव्हा घराघरात बांधली. आता नाय बांधली तर मासळी लागत नाय म्हनतात.”

तर अशी मी. माप मोजायला गेले आणि एक प्रथा जन्माला घालून आले.

हसून झाल्यावर हिराने कांद्याची जाळीदार पिशवी आणली. तिचे आस तिरके, शंकरपाळ्यासारखे. ती तिने दोन टोकांना ताणली. शंकरपाळे मिटले, काडीसुद्धा जाईना. “तुमी सुकं जाळं मोजलं, बांधावर. पाण्यात ताण बसला की ह्ये असं. ते मॅडमचं जाळं खाडीत लावलं असतं तरी पिल्लू सुटलं नसतं.” मग तिने तीच पिशवी फिरवून धरली, दोरे आडवे-उभे येतील अशी. खिडकीच्या गजांसारखी. ताणली तरी भोक उघडंच. “ह्ये चौकोनी. म्हनून मी दामोदरच्या मागं लागले. मी तुमचं खोटं जाळं वाहिलं, बाई. तेव्हा खाडीत जिताडा व्हता. आता माझ्या लेकाला काय उरलं?”

मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः ताणून पाहिली. खात्यात असताना मी एकही जाळं कधी ताणून पाहिलं नव्हतं. प्रगती आहे.

पहिली ओहोटी

ठरलं होतं असं. शेजारशेजारच्या खुंटांवर एक डोळ तात्यांच्या घरची, जुन्या बारीक खोल्याची, आणि एक दामोदरची, नव्या खोल्याची. एकाच ओहोटीला दोन्ही लावायच्या आणि गावाने बघायचं.

उजाडता उजाडता आम्ही बांधावरून उतरलो. होडीपर्यंत दहा पावलं चिखल. हिरा म्हणाली, पाय घासत चाला, उचलू नका. मी उचलला. मग दुसराही उचलला. तिसरा उचलायला उरला नव्हता, म्हणून बसले. तात्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे विडी पेटवली आणि म्हणाले, “म्याडम, खोली मोजताय का?” हिराने आणि दामोदरने ओढून मला होडीत टाकलं. चिखलातले निवटे मासे टुणटुण उड्या मारत पळाले. त्यांना निदान चालता येत होतं.

इथली रीत अशी की ओहोटी सरून पाणी उभं राहिलं की डोळ उचलायची. वाहत्या पाण्यात ती जड, उभ्या पाण्यात हलकी. तोवर होडीत बसून चहा. किटलीतला काळा चहा, गूळ घातलेला. आम्ही प्यालो, पाणी थांबलं, डोळी उचलल्या.

तात्यांचा खोला फुगून वर आला. दामोदरचा आला तो धुतलेल्या पिशवीसारखा. तळाशी चार बोईट आणि मूठभर कोळंबी.

बांधावरून कुणीतरी शिट्टी मारली. दामोदरने खोला तसाच होडीत टाकला आणि तो दुसरीकडे बघत बसला. हिराच्या तोंडचं पाणी पळालं. मी अख्खी नोकरी ज्या गोष्टीवर काढली ती माझ्या पायाशी रिकामी पडली होती.

काठावर बायका तात्यांचा ढीग निवडायला बसल्या. मीही बसले. बसायला मला चिखलाची भीती आता उरली नव्हती. ढिगात कोळंबी होती, पण जास्त होता तो चुरा. नखाएवढी शिंगाळी, बोटाएवढे बोईट, त्यात तीन इवले जिताडे, डोळे लाल मण्यासारखे, मेलेले. ऊन वर आलं तरी निवडणं संपेना. रोह्याचा मासळीवाला टेम्पो वाट पाहून निघून गेला आणि चांगली कोळंबी उन्हात मऊ पडली. अर्धा ढीग शेवटी बायकांनी सुकवायला पसरला, उरलेला कावळ्यांना.

तात्या मात्र जिंकल्याच्या थाटात होते.

“हिरा, तुझ्या खोल्यात कोळंबी शिरली आसंल, नाय म्हनत नाय. पन पानी उभं राह्यलं की कोळंबी थोडीच उभी राहनार? दार उघडं दिसलं, चालती झाली.”

सगळे हसले. हिरा हसली नाही. तिने हातातली शिंगाळी खाली टाकली.

“तात्या, परत सांगा.”

“काय सांगू? चालती झाली.”

“पानी उभं राह्यल्यावर.”

“मग? वाहत्या पान्यात कशी जाईल? पानी दाबून धरतं तिला.”

हिरा माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. जुन्या खोल्याला घाई नव्हती. आस मिटलेला, आत गेलेलं आतच राहणार, मग चहा पिऊन सावकाश उचला. नव्या खोल्याची दारं उघडी. वाहत्या पाण्यात मोठी कोळंबी जाळीला दबून बसते, बारीक पिल्लं गजांतून पार होतात. पाणी थांबलं की मोठीही वाट शोधते. जाळं बदललं होतं, रीत जुनीच राहिली होती. आणि हे आम्हाला विरुद्ध पक्षाच्या वकिलाने सांगितलं होतं.

“पाणी थांबायच्या आधी उचलायचं,” मी म्हटलं.

“वाहत्या पान्यात डोळ उचलतंय कोन?” दामोदर म्हणाला. “खांदे निघतील.”

“सगळी डोळ कशाला?” हिरा म्हणाली. “होडी शेपटाकडनं लाव. खोला तेवढा उचल.”

दामोदरने खोल्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. “एकदाच,” तो म्हणाला. “उद्या. मग माझं डोकं खायचं नाय.”

दुसरी ओहोटी

दुसऱ्या दिवशी चहाची किटली घरी ठेवली. मी पाय घासत होडीत पोचले. एकदाच बसायला झालं, त्याची नोंद घेऊ नये.

तात्या होडीत आधीच येऊन बसले होते.

“तुम्ही कशाला?” मी विचारलं.

“मी सांगितलेलं चुकतं का, ते बघायला.”

ओहोटी अजून जोरात होती. खुंटांना पाणी घासून फेस होत होता. दामोदरने होडी खाली नेऊन शेपटाशी लावली. खोल्याची दोरी त्याने धरली, हिराने धरली, मी हिराची कंबर धरली. खोला हलेना. होडी एका अंगाला झुकली आणि आत शिरलेलं पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं. दामोदरचा हात घसरायला लागला, तेव्हा तात्यांनी विडी खाडीत टाकली आणि दोरीला हात घातला. काडीसारखे हात, पण दोरीवर साठ वर्षं घालवलेले. कुठे धरायचं आणि कधी ओढायचं हे त्या हातांना कळत होतं.

“थांब. लाट जाऊ दे. आता.”

खोला वर आला. पाण्यावर येता येता त्याच्या चारी बाजूंनी बारीक चांदी सांडायला लागली. पिल्लं. नखाएवढी, बोटाएवढी, गजांतून निसटून पाण्यात पळत होती. त्यातला एक बोटभर मासा क्षणभर आसात अडकला. लाल डोळा. त्याने एक हिसडा दिला आणि गेला.

आत उरली ती कोळंबी, निळी, जाडजूड, जिवंत. वर पाच-सहा मोठे बोईट. कालच्या तात्यांच्या ढिगापेक्षा कमी. पण त्यात निवडायला काही नव्हतं. आम्ही काठाला लागलो तेव्हा रोह्याचा टेम्पो अजून आला नव्हता. आला तेव्हा टोपल्या भरून तयार होत्या आणि कोळंबी त्यात उड्या मारत होती. टेम्पोवाल्याने एक उचलून उन्हात धरली आणि कुणाची म्हणून विचारलं. दामोदरने हात वर केला, शाळेत करतात तसा.

शेजारच्या खुंटावरची तात्यांची डोळ त्यांच्या पुतण्याने पाणी थांबल्यावर रीतीप्रमाणे उचलली. ढीग आला. बायका निवडायला बसल्या. टेम्पो निघून गेला.

तात्या बांधावर उकिडवे बसून ढिगाकडे बघत होते. मग उठून हिराकडे आले.

“तुझ्याकडं त्यो खोला शिवायचा दोर उरलाय का?”

“तुमाला कशाला?” हिरा म्हणाली. “तपासनीपुरतं एक जाळं हाय ना बास.”

“जास्त बोलू नको. दोर हाय का, सांग.”

“हाय. पन शिवायला तुमी बसायचं, मी सांगनार.”

“सांग. ऐकायची सवय नाय, पन लावून घेतो.”

तात्या पुतण्यावर ओरडून जुना खोला कापून मागत होते, तेवढ्यात दामोदरचा फोन वाजला. ठेकेदार होता. सोमवारी गेटवर सकाळी सात वाजता ये, कागद घेऊन ये, असं काहीतरी सांगत असावा. दामोदरचे हात कोळंबीने माखलेले, म्हणून फोन हिराने त्याच्या कानाला धरला होता.

“नाय साहेब,” दामोदर म्हणाला. “सोमवारी नाय जमनार. सकाळी मला पानी थांबायच्या आधी पोचायचं हाय.”